कोपऱ्यातलं बोट

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, चांदीच्या गणपतीच्या डावीकडे आणि गेली कित्येक वर्षं न उघडलेल्या परफ्यूमच्या बाटलीच्या उजवीकडे, एक फोटो असायचा. फोटोत मी आणि बायको. माझे डोळे मिटलेले, तिचं तोंड उघडं. म्हणजे दोघंही नेहमीसारखीच. मागे करड्या पाण्याचं लांबच लांब तळं, त्यामागे जांभळे डोंगर, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक गुलाबीसर, धुरकट, अर्धगोल डाग. तो डाग म्हणजे बोट. फोटो काढणाऱ्याचं.

घरी आलेला प्रत्येक जण फोटो हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "छान आलाय, पण कोपऱ्यात बोट आलंय हो."

चहाचा कप पुढे करत, साखर पुरे का असं विचारावं इतक्या सहज बायको म्हणायची, "हो. इंग्लंडच्या राणीचं आहे ते."

मग पाहुणा माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

गोष्ट ऑगस्ट २०१९ची. लेक आणि जावई तेव्हा स्कॉटलंडात ॲबरडीनला होते. ऑगस्ट म्हणजे तिथला भर उन्हाळा, त्यामुळे स्वेटरवर एकच जॅकेट घालून भागत होतं. बायकोने निघण्याआधीच वहीत बघायच्या ठिकाणांची यादी केली होती आणि पहिला नंबर होता 'राणीचा वाडा'. हा बाल्मोरलचा वाडा ॲबरडीनपासून ऐंशी किलोमीटरवर. लेकीने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं, "आई, वाडा बंद आहे. राणी राहायला आलीय."

"म्हणजे ती नसताना वाडा बघायचा आणि ती असताना नाही? मग बघायचं काय, भिंती?"

"एरवी गेलं तरी आतली एकच खोली दाखवतात. बॉलरूम."

"आणि तिकीट पूर्ण घेतात?"

तिकीट पूर्ण घेतात हे कळल्यावर वाड्याबद्दलची तिची ओढ जरा ओसरली. पण राणीबद्दलची नाही.

इतिहास थोडक्यात असा. व्हिक्टोरिया राणी १८४८ साली पहिल्यांदा या भागात आली, तिला तो फार आवडला, आणि १८५२ साली तिच्या नवऱ्याने, अल्बर्टने, ती इस्टेट विकतच घेतली. सरकारी वाडा नव्हे, घरची मालमत्ता. आज ती सुमारे पन्नास हजार एकर आहे. जावयाने हा आकडा सांगितला तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला तो सातबारा कुणाच्या नावावर आहे हा. पुढे याच व्हिक्टोरियाने आग्र्याहून आलेल्या अब्दुल करीम नावाच्या मुन्शीकडून उर्दूचे धडे घेतले आणि त्याला याच इस्टेटीत टुमदार घरही बांधून दिलं. म्हणजे शिकवणीच्या फीमध्ये घर. हे ऐकून, आयुष्यभर गणिताच्या शिकवण्या घेतलेली माझी बायको बराच वेळ गप्प होती.

"वाडा बंद असला तरी डोंगर उघडे आहेत," जावई म्हणाला. स्कॉटलंडात २००३ साली झालेल्या कायद्याने रानात, माळावर, डोंगरावर कुणालाही चालायची मुभा आहे, जमीन कुणाचीही असो. घराचं अंगण आणि उभं पीक सोडायचं, गेटं उघडली तर लावायची, कचरा करायचा नाही, बस. राणीच्या जमिनीलाही तोच नियम. आमच्या सोसायटीत माझ्या सख्ख्या भावाला आत यायचं तर वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि 'येण्याचे कारण' लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात तो गेली नऊ वर्षं 'भाऊ' असं लिहितोय.

तर आम्ही निघालो ते बाल्मोरलच्या मागच्या बाजूच्या एका तळ्याकडे. इंग्रजीत लिहितात 'म्यूइक' वाचावं असं, आणि म्हणतात 'मिक'. लॉख मिक. तिथल्या गेलिक भाषेत मिक म्हणजे डुक्कर, असं जावयाने सांगितलं. राणीच्या तळ्याचं नाव डुक्करतळं! आपल्याकडे एव्हाना नामांतराच्या दोन समित्या बसल्या असत्या. तळ्याला पूर्ण वळसा घालायचा तर बारा किलोमीटर. पलीकडच्या टोकाला झाडीत एक घर दिसतं. अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरियाने १८६८ साली ते बांधून घेतलं, एकटीने राहायला. मुलं म्हणाली, आम्ही वळसा मारून येतो, तुम्ही जमेल तेवढं चाला. अशा रीतीने पुढच्या घटनेला एकही तटस्थ साक्षीदार उरला नाही.

आम्ही रमतगमत निघालो. हेदर नावाचं झुडूप फुललेलं, त्यामुळे सगळा डोंगर जांभळ्या चादरीसारखा. वारा पडला की चिलटं यायची. तिकडे त्यांना मिज म्हणतात आणि त्यांच्याविषयी स्कॉटिश माणूस ज्या स्वरात बोलतो, त्या स्वरात आपण फक्त बिल्डरविषयी बोलतो. मी रुमालाने चिलटं वारत होतो, बूट चावत होता, म्हणून एका दगडावर बसून बूट काढला. बायको पुढे गेली. मी मान वर केली तेव्हा ती कुणाशी तरी बोलत होती.

रस्त्याच्या कडेला जुनी, चिखलाने माखलेली हिरवी लँड रोव्हर उभी होती. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई. डोक्याला हनुवटीखाली गाठ मारलेला रुमाल, चष्मा, जाड कापडाचा स्कर्ट, वापरून वापरून रंग गेलेला रेनकोट, पायात गमबूट. रेनकोटच्या कोपरावर ठिगळ लावलेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक काळं लॅब्रॅडॉर कुत्रं. आणि पाचसहा पावलांवर एक उंच, पन्नाशीचा पुरुष, जो तळ्याकडे बघतोय असं दाखवत माझ्या बायकोकडे बघत होता.

संभाषणाचा पहिला भाग मी ऐकलेला नाही. तो मला सांगण्यात आलेला आहे. तो असा.

बायकोने विचारलं, तुम्ही इथल्याच का. बाई म्हणाल्या, नाही, उन्हाळ्यात येते दरवर्षी, लहानपणापासून. बायको म्हणाली, म्हणजे आमचं महाबळेश्वर. मग घर जवळच का? हो, पलीकडेच. स्वतःचं की भाड्याचं? (इथे बाई किंचित थांबल्या, असं बायकोच सांगते.) घराण्यातलं आहे. वडिलोपार्जित म्हटल्यावर बायकोच्या अंगात मामलेदार संचारतो. भावंडं किती, वाटण्या झाल्या का? एक बहीण होती, गेली. अरेरे. मालक? त्यांना आता चालवत नाही. मुलं? यावर बाईंनी चार सांगितली असं बायको म्हणते. तोपर्यंत मी बूट घालून जवळ पोचलो होतो आणि मला तीन असं ऐकू आलं. गेली अनेक वर्षं आमच्या घरात हा एक मुलगा कधी जन्मतो, कधी जन्मत नाही.

"काय करतात मुलं?"

"घरच्याच धंद्यात आहेत," बाई म्हणाल्या. हे मात्र मी स्वतः ऐकलं.

"कसला धंदा?"

इथे तो उंच मनुष्य खोकला आणि पाऊस येईलसं वाटतं म्हणाला. स्कॉटलंडात हे वाक्य कधीही म्हटलं तरी खरं ठरतं.

बायकोने डबा उघडला. आल्याच्या वड्या. प्रवासात ती आल्याच्या वड्या नेते आणि देशी-परदेशी असा भेद करत नाही. विमानात शेजारी बसलेल्या नॉर्वेच्या माणसालाही तिने दोन दिल्या होत्या. बाईंनी त्या माणसाकडे पाहिलं. त्याने वडीकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. बाईंनी एक वडी उचलली, "जिंजर?" म्हणून हसल्या, आणि खिशातून पांढरा रुमाल काढून त्यात नीट गुंडाळून परत खिशात ठेवली. खाल्ली नाही.

मग फोटो. बायकोने माझा फोन काढला आणि सरळ बाईंच्या हातात दिला. तो मनुष्य पटकन पुढे झाला, मी काढतो म्हणाला. बाईंनी नुसता हात हलवला आणि तो जागच्या जागी थांबला. हा हात हलवण्याचा प्रकार मी पूर्वी एकदाच पाहिलेला आहे, आमच्या झोनल मॅनेजरकडे. बाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, दुसऱ्याचं तान्हं बाळ धरावं तसा, जरा लांब. "आता तुमचा काढू?" बायकोने विचारलं. "नको," बाई म्हणाल्या, "माझे फार झालेत." कुत्रं गाडीत चढलं, पुढचं दार उघडून बाई स्वतः चालकाच्या जागेवर बसल्या, तो मनुष्य शेजारी बसला, आणि गाडी खडखडत गेली.

परतताना आम्ही बॅलटर गावात चहाला थांबलो. दुकानांवर 'राजघराण्याला माल पुरवणारे' अशा पाट्या; खाटकाकडेसुद्धा. एका दुकानाबाहेर भांडी पुसायची फडकी टांगली होती. बायको तिथे थबकली आणि माझी बाही ओढली.

"अहो. ही बघा ती बाई. फडक्यावर."

जावई इतका हसला की त्याला कठड्याला टेकावं लागलं. लेक म्हणाली, आई, इकडची प्रत्येक म्हातारी तशीच दिसते. रुमाल, रेनकोट, कुत्रं. मीही लेकीच्या बाजूने पडलो आणि आजही बहुतेक दिवस त्याच बाजूला आहे. माझ्या मते ती बॅलटरमधली निवृत्त शाळामास्तरीण असावी. लँड रोव्हर आणि ठिगळ ही तिकडच्या गावाची सर्वसाधारण परिस्थिती आहे.

पण मी पुरावा मांडावा आणि बायकोने तो मोडावा, असं त्या रात्रीपासून चालू झालं.

मी म्हटलं, राणीबरोबर तिची ती आखूड पायांची कॉर्गी कुत्री असतात, सगळ्या जगाला माहीत आहे. हे तर लॅब्रॅडॉर होतं. बायकोने चार दिवसांत शोधून काढलं की राणीचं शेवटचं कॉर्गी २०१८ मध्येच गेलं. "म्हणूनच नव्हतं," ती म्हणाली. कुत्रं नसणं हाच पुरावा.

मी म्हटलं, राणी त्र्याण्णव वर्षांची आहे, ती स्वतः गाडी कशी चालवेल? ती म्हणाली, त्या देशात लायसन्स न लागणारी ती एकटीच आहे. हे खरं निघालं. वर तिला एक किस्साही सापडला होता. १९९८ साली सौदी अरेबियाचे युवराज बाल्मोरलला पाहुणे होते. राणीने त्यांना इस्टेट दाखवायला लँड रोव्हरमध्ये बसवलं आणि स्वतः चाक हातात घेतलं. सौदीत तेव्हा बायकांना गाडी चालवायची बंदी. अरुंद रस्त्यावरून राणी गप्पा मारत गाडी पळवायला लागली, तेव्हा युवराजांनी दुभाष्यामार्फत विनंती केली की कृपया रस्त्याकडे बघावं. हे ब्रिटिश राजदूतानेच पुढे सांगितलेलं आहे.

मी शेवटचं अस्त्र काढलं. त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टला, बोरिस जॉन्सनची माणसं विमानाने बाल्मोरलला गेली होती आणि पार्लमेंट तहकूब करायच्या हुकमाला राणीची संमती घेतली होती. देशात हलकल्लोळ. अशा वेळी राणी डुक्करतळ्यावर तुझे फोटो काढत बसेल?

"संमती द्यायला कितीसा वेळ लागतो?" बायको म्हणाली. पुढच्या महिन्यात तिकडच्या सुप्रीम कोर्टाने ती तहकुबी बेकायदा ठरवली तेव्हा तिने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, "त्या आठवड्यातलं धड झालेलं काम म्हणजे आपला फोटो."

आता माझ्या बाजूने एक कबुली. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा कॅशला. समोरच्या माणसाचा चेहरा मला लक्षात राहत नाही, नोटेवरचा राहतो. गांधीजी डुक्करतळ्यावर भेटले असते तर मी लांबूनच ओळखले असते. राणीचा चेहरा तर जगातल्या कितीतरी देशांच्या नोटांवर होता. मग मला ती का ओळखू येऊ नये? याचंही उत्तर बायकोकडे होतं: स्कॉटलंडात तिथल्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात आणि आमच्या पाकिटात त्याच होत्या, त्यांच्यावर राणी नव्हती. नाण्यांवर होती, पण नाणी मी नेहमी छाप न बघता आकारावरून मोजतो. सवय.

शिवाय राजा म्हणजे काय हे आपल्याला नाटकांनी शिकवलेलं. मखमलीचा अंगरखा, मोत्यांच्या माळा, आणि विंगेतून येताना आधी ललकारी. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले, पण आपली पोशाखाची अपेक्षा चालूच आहे. कोपराला ठिगळ लावलेली बाई राणी असू शकते, हे कळायला मला कुणी तरी आधी बिल्ला दाखवायला हवा होता.

२०२२ साली, राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, रिचर्ड ग्रिफिन नावाच्या तिच्या जुन्या अंगरक्षकाने टीव्हीवर एक गोष्ट सांगितली. ती आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली, 'अवश्य वाचा' या मथळ्यासह. बाल्मोरलच्या डोंगरात राणी आणि ग्रिफिन फिरत असताना दोन अमेरिकन प्रवासी भेटले. त्यांनी राणीला ओळखलं नाही. किती वर्षं येताय इकडे, असं त्यांनी विचारलं. ऐंशीहून जास्त, राणी म्हणाली. मग राणी भेटलीच असेल? मला नाही, राणी म्हणाली, पण हा डिक (म्हणजे ग्रिफिन) तिला नेहमी भेटतो. त्यावर अमेरिकनाने ग्रिफिनला विचारलं, कशी आहे ती? ग्रिफिन म्हणाला, कधी कधी फार तिरसट, पण विनोदबुद्धी छान. अमेरिकन खूष. त्याने ग्रिफिनच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेरा राणीच्या हातात दिला: आमच्या दोघांचा काढा. तिने काढला. मग ग्रिफिनने त्यांचा राणीबरोबरही एक काढला, आणि मंडळी टाटा करून गेली. मागाहून राणी म्हणाली, हे फोटो ते अमेरिकेत मित्रांना दाखवतील तेव्हा तिथे भिंतीवरची माशी होऊन बसायला मला आवडेल.

मी हे दोनदा वाचलं. फोन राणीच्या हातात. उंच माणूस. लहानपणापासून येते.

बायको काही बोलली नाही. तिने चष्मा लावला, शोकेसमधला फोटो काढला, पदराने काच पुसली, आणि फोटो गणपतीच्या डावीकडून उजवीकडे ठेवला. परफ्यूम मागे गेलं.

आपल्याकडेही अशी दंतकथा आहेच. शिवाजी महाराज वेश पालटून एका म्हातारीच्या झोपडीत जेवायला बसतात, गरम खिचडीत मधोमध हात घालतात, बोटं पोळतात, आणि म्हातारी म्हणते, अरे, तूही त्या शिवाजीसारखाच, कडेकडेने खावं. तिच्या त्या बोलण्यावरून महाराज युद्धाचा धडा घेतात. म्हातारीला शेवटपर्यंत कळत नाही. शाळेत असताना मला या गोष्टीत महाराज मोठे वाटायचे. आता मला त्या म्हातारीच्या घरच्या लोकांचं वाटतं. ती त्यांना सांगत राहिली असेल, रात्री एक पाहुणा आला होता, नीट जेवताही येत नव्हतं. आणि कोणी म्हटलं असेल, आजी, कसा दिसत होता? असा असा. आणि मग घरात आमच्यासारखंच सुरू झालं असेल.

८ सप्टेंबर २०२२ला राणी बाल्मोरललाच गेली. आमच्याकडे रात्री अकराच्या बातम्यांत कळलं. पडद्यावर तो डोंगर, तो रुमाल, तो रेनकोट. शवपेटीमागून मुलं चालताना पुढच्या दिवसांत दाखवली, तेव्हा बायकोने बोटं मोजली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "चार." दुसऱ्या दिवशी तिने आल्याच्या वड्या केल्या. का, ते मी विचारलं नाही. पण एक वडी बशीत फोटोसमोर होती आणि संध्याकाळी मी ती खाल्ली तेव्हा ती मला ओरडली नाही.

यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलांनी ठरवलं, तोच फोटो मोठा करून, सोनेरी फ्रेममध्ये, कार्यक्रमाच्या स्टेजवर लावायचा. माझा जुना फोन केव्हाच पाण्यात पडून गेला होता, त्यामुळे मूळ म्हणून शोकेसमधली प्रतच उरलेली. ती मी गल्लीतल्या स्टुडिओत नेऊन दिली. तिथला मुलगा हुशार आणि होतकरू. आठवड्याने फ्रेम घेऊन तो स्वतः घरी आला. वर्तमानपत्राचं वेष्टन काढलं. फोटो झकास झाला होता. डोंगर जास्त जांभळे, पाणी निळं, माझे डोळे उघडे. डोळे कुठून आणले, देव जाणे.

"काका, कोपऱ्यात बोट आलं होतं कुणाचं तरी," तो म्हणाला. "काढून टाकलंय. त्याचे वेगळे पैसे नाही लावले. आणि जुनी प्रत स्कॅन करताना फाटली, ती टाकून दिली. चालेल ना?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने फ्रेम हातात घेतली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, जिथे आता स्वच्छ स्कॉटिश आकाश होतं.

"बस रे बाळा," ती म्हणाली. "वडी खाणार?"